चिमटा पाहण्याचा कार्यक्रम

नाव :

सायकल म्हणावं तर तिला पुढचं चाक नव्हतं. चाक नव्हतं, कारण ते ज्यात बसतं तो चिमटाच नव्हता. शिरड शहापूरच्या पंचफुलाबाईच्या घरात ती दीड वर्ष तुळईला टांगलेली होती. तिच्या दांडीवर घोंगडी वाळायची आणि हँडलला लसणाच्या जुड्या लटकायच्या.

दांडीवर इंग्रजीत लिहिलं होतं, ‘फ्रीराइड’. गावातून वसमतच्या कॉलेजला जाणाऱ्या एकानं त्याचा अर्थ लावला, ‘फुकट बसा.’

“कशावर बसा?” पंचफुलाबाई म्हणाली. “पुढलं अर्धं अंगच न्हाई तिला.”

तिचा मुलगा शिवहार सत्तावीस वर्षांचा होता. सायकलीबद्दल कुणी काही बोललं की तो जेवता जेवता उठायचा. आताही उठला, पण भाकरी घेऊन उठला.

जन्मस्थळ :

पुणे. शिवहार तिथं अनिरुद्धच्या सायकल दुकानात दोन वर्षं कामाला होता. ही सायकल एका गिऱ्हाइकाची. गिऱ्हाईक तिच्यावरून सिंहगडाच्या बाजूला कुठंतरी पडलं आणि चिमटा मोडला. दुरुस्तीला म्हणून ती दुकानात आली, पण गिऱ्हाइकानं तिचं तोंड पुन्हा पाहिलं नाही. बापाला एकट्यानं कळप आवरेना म्हणून शिवहार गावी परतायला निघाला, तेव्हा अनिरुद्धनं ती त्याला देऊन टाकली. “चिमटा मिळाला की कळवतो,” म्हणाला.

दीड वर्षानं, २००५च्या दिवाळीआधी, चिमटा मिळाला. एक नाही, दोन.

इथूनच सगळा घोळ सुरू झाला. एक मिळाला असता तर शिवहारला काही ठरवावंच लागलं नसतं.

उंची :

एकशे पन्नास मिलिमीटर किंवा एकशे ऐंशी.

साध्या सायकलीचा चिमटा म्हणजे दोन नळकांडी, त्यात समजण्यासारखं काही नाही. पण ही सायकल डोंगरावरून खाली येण्यासाठी केलेली. हिच्या चिमट्याच्या दोन पायांत स्प्रिंग असते, तेल असतं. दगडावरून उडी घेतली की पाय आत जातात, दणका गिळतात आणि मग हळूच बाहेर येतात. किती आत जातात, ती त्याची उंची. त्याला सस्पेन्शन म्हणतात.

पहिला चिमटा एका खांद्याचा. हलका, दीडशेचा. झटकन वळतो, पण मोठी उडी घेतली तर तळाला टेकायची भीती. दुसरा दोन खांद्यांचा. सायकलीच्या मानेला वरून आणि खालून, दोन्हीकडून धरतो. बैलासारखा भक्कम, आणि बैलासारखाच वळायला जागा मागतो.

गावामागच्या टेकडीवरून मेंढरांची एक पायवाट उतरते. तिच्यावर तीन वळणं आणि दोन उड्या. ती वाट सायकलीवरून उतरायची, ह्यापलीकडं शिवहारला आयुष्यात काही नको होतं. वळणं आठवली की त्याला एका खांद्याचा हवा असे, उड्या आठवल्या की दोन खांद्यांचा. सकाळी मेंढरं वर जाताना एक ठरायचं, संध्याकाळी खाली येताना दुसरं.

अनिरुद्धनं निरोप ठेवला होता : रविवारी दुपारी बारापर्यंत कळव. नंतर नाशिकचा एक जण दोन्ही न्यायला तयार आहे. असला माल पुण्यात पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही.

“माय, तूच सांग. एक का दोन?”

“बायको एक,” पंचफुलाबाई म्हणाली. “ते काय लोखंडाचं करायचं ते कर. पर आधी बायोडाटा लिहून दे. हट्टा गावात पोरीवाल्यांना दाखवायचाय.”

त्यानं एकाच बैठकीत, एकाच वहीतून फाडून, एकाच पेनानं दोन कागद लिहिले. एक हट्ट्याला, स्वतःबद्दल. दुसरा पुण्याला, चिमट्याबद्दल : मला असं असं पाहिजे, दोघांतलं कुठलं बसतं ते तुम्हीच बघा, दादा. हात सवयीनं चालला आणि दोन्ही कागदांवर वर खंडोबाच आला.

अपेक्षा :

॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥

दोन्ही पाय सरळ असावेत. वाकलेले असल्यास तसं कळवावं, लपवू नये.

लहान दणक्याला मऊ आणि मोठ्या दणक्याला कडक असावं.

दाबलं की बसावं, सोडलं की हळूच वर यावं. टाणकन उसळणारं नको, तोंडावर येतं.

कुरकुर करणारं नको.

मान लांब असावी. जास्त लांब निघाली तर इथं आणून कापून घेऊ.

काळं चालेल. पोपडे निघालेलं चालणार नाही.

तेल गळत नसावं.

एका खांद्याचं की दोन खांद्यांचं, हे आमचं अजून ठरलं नाही. समोर ठेवून, दाबून बघता आलं असतं तर बरं झालं असतं.

आधीच्यानं किती आपटलंय तेवढं खरं सांगावं.

तैवानचं असलं तरी हरकत नाही.

ता. क. पसंत पडलं नाही तर परत घ्याल का? पाठवायचं भाडं आम्ही भरू.

(अख्ख्या कागदात ‘चिमटा’ हा शब्द नव्हता. शिवहारनं ‘सस्पेन्शन’ मनात धरून लिहिलं होतं आणि ते नपुंसकलिंगी. आता आपल्याकडं अपेक्षा लिहून पाठवतात अशी आणखी एकच गोष्ट नपुंसकलिंगी आहे : स्थळ.)

मामाचे कुळ :

पुंजाजी. पंचफुलाबाईचा थोरला भाऊ. आजवर सोळा लग्नं जमवलेला आणि सतरावं भाच्याचंच जमवायचं म्हणून हट्टाला पेटलेला.

बुधवारी त्यानं दोन्ही कागद घेतले. दोन्ही चौघडी घातलेले. “उजव्या खिशातला पुण्याला फॅक्स करायचा, डाव्या खिशातला हट्ट्याला पोरीच्या बापाच्या, मल्हारीच्या हातात द्यायचा,” असं तो एसटीत बसेपर्यंत पाठ म्हणत होता. एसटीत त्याच्या डोक्यावरच्या फळीवर कुणाचंतरी हळदीचं पोतं होतं. वसमत येईपर्यंत मामाचा पांढरा शर्ट पाठीकडून हळदीला बसला.

सोयरीक करायला निघालेला माणूस पाठीवर हळद घेऊन कसा जाणार? स्टँडवरच्या नळामागं जाऊन पुंजाजीनं शर्ट काढला, उलटा केला आणि परत घातला. हळद आत गेली. खिसेही आत गेले. आणि उजवा खिसा डावीकडं गेला.

पुंजाजीला वाचता येत होतं. पण स्वतःच्या खिशावर विश्वास असताना माणूस वाचत बसत नाही.

संपर्क :

गुरुवारी धर्मसिंगच्या एसटीडी बूथवर पुण्याहून फोन आला. धर्मसिंगनं ओरडून बोलावलं आणि शिवहार एका चपलेवर पळत आला.

“शिवहार, अनिरुद्ध बोलतोय. फॅक्स मिळाला रे तुझा.”

“मंग? कसं वाटलं, दादा?”

“चांगलं वाटलं. कळलं काहीच नाही. उंची पाच फूट सात इंच लिहिलीयेस.”

“कशाची?”

“तुझी असावी. वर्ण सावळा. रास कर्क. कर्क म्हणजे मऊ स्प्रिंग टाकायची का?”

शिवहारनं रिसीव्हर कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं आणि परत कानाला लावला.

“निर्व्यसनी आहे, असंही लिहिलंय,” अनिरुद्ध सांगत होता. “मेंढरं एकशे चाळीस. मामा पुंजाजी. अरे, सगळं दिलंस आणि वजन दिलं नाहीस. स्प्रिंग वजनावर ठरते. रास घेऊन मी काय करू?”

“दादा, त्यो कागद तुमचा न्हाई.”

“मग माझा कुठंय?”

शिवहारनं बूथच्या भिंतीला पाठ टेकवली. धर्मसिंगनं त्याच्याकडं स्टूल सरकवलं.

“तुमचा... हट्ट्याला गेला.”

“तिथं काय आहे?”

“पोरगी,” शिवहार म्हणाला.

“रविवारी बारा,” अनिरुद्ध म्हणाला. “एकच शब्द सांग. एका खांद्याचा की दोन.” आणि फोन ठेवला.

कुटुंबाची माहिती :

शनिवारी सकाळी एका जीपमधून नऊ माणसं उतरली. शेवटी मल्हारी उतरला. त्याचं पागोटं असं बांधलेलं होतं, की बांधताना राग आलेला असावा.

शिवहारनं घरी अजून काही सांगितलं नव्हतं. दोन दिवस तो सांगायला तोंड उघडायचा आणि त्यात भाकरी घालायचा. त्यामुळं पंचफुलाबाई हरखली. न सांगता आले म्हणजे पोरगं पसंत! तिनं चुलीवर चहाचं पातेलं ठेवलं. ते धरायचा चिमटा हातात घेऊनच ती ओट्यावर आली.

“या पाव्हणं. बसा. येळ लागला का वाटंत?”

“बसायला न्हाई आलो,” मल्हारी म्हणाला आणि बसला. त्यानं पागोट्यातून कागद काढला. “हे तुमच्या पोराचं अक्षर हाय का?”

“व्हय. सुंदर हाय की.”

“‘दोन्ही पाय सरळ असावेत.’”

“असावेतच की,” पंचफुलाबाई म्हणाली. “त्यात काय एवढं?”

“‘दाबलं की बसावं.’”

पंचफुलाबाईनं चिमटा ह्या हातातून त्या हातात घेतला.

“‘तेल गळत नसावं.’ आमची पोरगी न्हाऊन येती तवा डोक्याला तेल लावती. गळतं थोडं. कुणाचं गळत न्हाई?” मल्हारीचा आवाज चढला. “अन् हे ऐका. ‘मान लांब असावी. जास्त लांब निघाली तर इथं आणून कापून घेऊ.’”

आत चहा उतू गेला.

पंचफुलाबाई हळूच वळली. शिवहार कणगीमागं होता. तिनं त्याला तिथून बाहेर काढलं, ते कानाला धरून नाही, हातातल्या चिमट्यात त्याची बाही धरून.

“मेल्या, कोणाची मान कापून राहिला तू?”

“माय, चिमट्याची!”

“ह्या?” तिनं हातातला चिमटा वर केला.

“त्यो न्हाई! सायकलीचा!”

पुढची पाच मिनिटं कुणीच कुणाचं ऐकलं नाही. मग शिवहारनं शेवटचा उपाय म्हणून तुळईवरून सायकल सोडली. लसणाच्या जुड्या पाव्हण्यांच्या अंगावर पडल्या. त्यानं सायकल ओट्यावर आडवी केली आणि तिच्या मानेचं भोक दाखवलं. इथून चिमट्याची दांडी वर येते, ती मान. लांब असली तर करवतीनं कापून बेताची करायची. पाय हे, इथं. खांदा हा. दाबलं की बसतं म्हणजे स्प्रिंग बसते. त्याला घाम सुटला होता.

मल्हारीच्या दोघा भावांनी आळीपाळीनं भोकाला डोळा लावून बघितलं. धाकट्याला त्यातून पंचफुलाबाई दिसली.

“मंग ‘तैवानचं’?” मल्हारीनं विचारलं.

“तिकडंच बनतंय ते.”

“आमी म्हणलं, पोरगी हट्ट्याची हाय हे बी ह्याला म्हाईत न्हाई.” मल्हारीनं कागदाची घडी घातली, परत उघडली, एक ओळ मनात वाचली आणि त्याचं पोट हलायला लागलं. “‘पसंत पडलं नाही तर परत घ्याल का,’” तो कसाबसा म्हणाला आणि त्याला ठसका लागला. भावानं पाठीवर थापा मारल्या.

एवढा वेळ बायकांच्या मागं बसलेली एक मुलगी उठून पुढं आली. सुकन्या. वसमतला डीएडच्या दुसऱ्या वर्षाला होती. मुलीनं मुलाच्या घरी यायची रीत नाही, पण आपली मान कोण कापणार ते बघायचं म्हणून ती जीपमध्ये चढून बसली होती आणि तिला उतरवायची कुणाची टाप नव्हती.

“दोन दिवस मी पाय बघून राहिले आरशात,” ती शिवहारला म्हणाली. “सरळ हायेत. तुमचं तुमी लिहून ठेवा.”

“चुकलं,” शिवहार म्हणाला.

“आन् ठरलं का मंग? एक खांदा का दोन?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न आपणहून विचारणारं हे पहिलंच माणूस. शिवहार सगळं विसरला. तो तिला वळणं सांगू लागला, उड्या सांगू लागला, एकशे ऐंशीनं सायकलीचं नाक कसं वर उचलतं ते हातानं करून दाखवू लागला. मल्हारीचा थोरला भाऊ झोपला.

“म्हंजे ठरलं न्हाई,” सुकन्या म्हणाली.

“न्हाई.”

पसंती :

“मला वर्षात अकरा स्थळं आली,” सुकन्या म्हणाली. “पहिल्या तीन टायमाला मी बी अशीच. हे चांगलं का ते चांगलं. नोकरी ह्याला, शेती त्याला. डोकं उठायचं. मंग मी एक रीत काढली. चांगलं काय हाय ते बघायचंच न्हाई. सरळ मोठ्यानं ‘न्हाई’ म्हणून बघायचं. निघालं तोंडातून तर गेलं. घशात अडकलं तर ठेवायचं.”

“किती अडकले?” पंचफुलाबाईनं लगेच विचारलं.

“अजून तर एक बी न्हाई, मावशी.” मग शिवहारला, “म्हणा. दोन खांद्याला म्हणा.”

शिवहार उभा राहिला. चड्डीतल्या पोराला पाव्हण्यांसमोर कविता म्हणायला लावावी तसे त्याचे हात आपोआप मागं गेले.

“दोन खांद्याचा... न्हाई.”

आवाज ओट्यावरून अंगणात गेला. तिथं बांधलेल्या मेंढ्यानं कान हलवला. बाकी काही झालं नाही.

“गेला,” सुकन्या म्हणाली. “आता एक.”

“एका खांद्याचा...” शिवहारनं श्वास घेतला. “एका खांद्याचा न्...”

घशात काहीतरी आडवं झालं. तो खाकरला, परत सुरुवात केली आणि परत तिथंच येऊन थांबला. तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. पंचफुलाबाईनं तांब्या पुढं केला.

“झालं,” सुकन्या म्हणाली. “त्योच.”

शिवहार मटकन खाली बसला. दीड वर्षाचं ओझं उतरलेला माणूस कसा दिसतो, ते त्या दिवशी हट्ट्याच्या नऊ जणांनी पाहिलं. आणि त्यांनाही, का कुणास ठाऊक, बरं वाटलं. चहा परत ठेवला गेला. तेवढ्यात पुंजाजी मामाही पोचला. काय झालंय हे न विचारताच त्यानं दोन्ही बाजूंचं अभिनंदन केलं.

“आता आलोच हाव,” मल्हारी चहा बशीत ओतत मुलीला म्हणाला, “तर ह्या पोराचं बी सांगून टाक.”

सगळी बशा धरून थांबली. सुकन्यानं शिवहारकडं नीट पाहिलं. पाच फूट सात इंच, वर्ण सावळा, मेंढरं एकशे चाळीस.

“न्हाई,” ती म्हणाली.

एकदम स्वच्छ निघालं. तिला स्वतःलाही थोडं नवल वाटलं असावं, कारण तिनं घशाला हात लावून बघितला. “राग नका मानू. माणूस चांगला हाय.”

“न्हाई न्हाई,” शिवहार घाईनं म्हणाला. त्याला राग आलाच नव्हता. नाशिकवाला शनिवारीच आला तर काय, एवढाच विचार त्याच्या डोक्यात चालू होता.

पंचफुलाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, पण रीत म्हणून मुलीची खणानारळानं ओटी भरली. पुंजाजीनं सतरावं लग्न मोजायला दुमडलेलं बोट परत सरळ केलं.

वेळ :

रविवार, अकरा वाजून चाळीस मिनिटं. धर्मसिंगच्या बूथवर लाइन लागली, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा.

“दादा, एका!”

“ऐकतोय. बोल.”

“एका!”

“अरे, ऐकतोच आहे! बोल की!”

“एका, एका!” शिवहारच्या मानेच्या शिरा फुगल्या.

“तूच ऐक आता. नाशिकवाला समोर उभा आहे. कुठला?”

शिवहारनं डोकं चालवलं. “दोन न्हाई!”

“काय? दोन्ही?”

“दोन न्हाई! दोन न्हाई!”

“दोन्ही घेणार? एवढं बजेट आहे तुझं? थांब हं, ह्याला सांगतो...”

“थांबा!” बूथबाहेर उभी असलेली म्हैस दचकली. घड्याळात अकरा त्रेपन्न. शिवहारला एका क्षणासाठी दोन्ही चिमटे दिसले, दोन्ही सायकली, दोन्ही आयुष्यं, आणि परत पहिल्यापासून सगळं ठरवणं. धर्मसिंग हे सगळं ऐकत होता. त्यानं रिसीव्हर काढून घेतला, छाती भरून घेतली आणि फक्त आकडा सांगितला, “दीडशे!”

“दीडशे. बरं,” पुणं म्हणालं. “आणि वजन?”

ते कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या अडत्याच्या हळदीच्या काट्यावर शिवहारला उभं केलं. एकसष्ट किलो, पोतं वजा जाता.

शेरा :

चिमटा पुढच्या चाकासकट तेराव्या दिवशी एसटीच्या टपावरून आला. बसवायला एक दिवस गेला, बघत बसायला दोन.

चौथ्या दिवशी सकाळी शिवहार टेकडीच्या माथ्यावर उभा होता. मेंढरं आणायच्या निमित्तानं पंचफुलाबाईही वर आली होती. डोक्यावर पदर घट्ट, हातात काठी. “सावकाश,” एवढंच ती म्हणाली, पण तोवर तो निघाला होता.

पहिली उडी. चिमट्याचे पाय आत गेले, दणका गिळला, हळूच बाहेर आले. पहिलं वळण. सायकल कोकरासारखी वळली. दुसरी उडी पहिलीपेक्षा मोठी. पाय तळाला टेकतात की काय असं वाटलं आणि बोटभर अलीकडंच थांबले. दुसरं वळण. शिवहारच्या तोंडातून आवाज निघाला. तो शब्द नव्हता. मेंढरं बाजूला झाली, एक जुनी मेंढी झाली नाही. तिसऱ्या वळणावर त्यानं मागं वळून पाहिलं, आई बघतेय की नाही म्हणून. पाहायला नको होतं. सायकल वळली, शिवहार वळला नाही.

धूळ बसायला वेळ लागला. बोरीच्या झुडपातून फक्त एक चाक वर दिसत होतं, अजून फिरत होतं.

मग एक हात वर आला. त्यानं चिमटा वरपासून खालपर्यंत चाचपला, एकदा दाबला, सोडला. तो हळूच वर आला.

“माय!” झुडपातून आवाज आला. “चिमटा ठीक हाय!”

“आन् तू?” पंचफुलाबाई वरून ओरडली.

ह्याचं उत्तर द्यायला त्याला थोडा वेळ लागला, कारण तिकडं त्यानं अजून बघितलंच नव्हतं.